फोटो स्वच्छ आला, कवळी मात्र घशातच
(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही एरवी लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, खोडव्यातले पाचट आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहीत असतो. या खेपेला दातांविषयी लिहीत आहोत. ऊस विकास अधिकाऱ्याने दातांवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. आम्ही काही दातांचे डॉक्टर नव्हे. पण गेल्या गळीत हंगामात आपल्याच एका सभासदाच्या घरी असा प्रकार घडला की, तो ऐकल्यावर गप्प बसणे बरे वाटले नाही. त्यानंतर जाणकार डॉक्टर मंडळींना विचारून आणि थोडे वाचून जे समजले, ते आपल्या भाषेत येथे मांडत आहोत.

ज्यांना वेळ कमी आहे त्यांच्यासाठी सार आधीच सांगून टाकतो. प्लास्टिकची कवळी किंवा दातावरची तात्पुरती टोपी पोटात वा छातीत गेली, तर ती साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही. फोटो स्वच्छ आला म्हणजे आत काही नाही, असे समजू नये. आणि कवळी हरवली आहे ही गोष्ट डॉक्टरांना घरच्या माणसानेच सांगितली पाहिजे, कारण यंत्र ती सांगणार नाही.

घडले ते असे

नीरा डाव्या कालव्याच्या काठचे गाव. सभासद सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या परवानगीने लिहीत आहोत, पण नाव-गाव देत नाही. त्यांना येथे आप्पा म्हणू. आप्पांचे वरचे पुढचे तीन दात काढावे लागले. हिरडी भरून येईपर्यंत तात्पुरती म्हणून डॉक्टरांनी गुलाबी प्लास्टिकची लहानशी कवळी करून दिली आणि बजावले, "दोन-तीन महिन्यांनी या, मग पक्की करू." तेवढ्यात उसाला तोड आली. मग "बिल आल्यावर बघू" असे झाले. बिल आले, ते सोसायटीत वळते झाले. असे करता करता दीड वर्ष गेले. हिरडी बसत गेली तशी कवळी ढिली झाली. बोलताना खाली यायची, आप्पा जिभेने वर ढकलायचे. रात्री ती काढून वाटीत पाण्यात ठेवायची असते, पण रात्रीचे पाणी धरून आलेल्या माणसाला रोज कुठले आठवते?

एका रात्री आप्पा जोराचा ठसका लागून जागे झाले. घसा दुखू लागला. सकाळी थुंकीही गिळवेना. मुलाने दवाखान्यात नेले. गळ्याचा आणि छातीचा एक्स-रे काढला. फोटो स्वच्छ आला. घशाला सूज असेल म्हणून औषध मिळाले, गुळण्या सांगितल्या. कवळीची गोष्ट कोणी काढलीच नाही. मुलाच्या ती डोक्यात नव्हती, आणि आप्पांना वाटले, अंथरुणात कुठे पडली असेल.

दोन दिवस आप्पा नुसत्या चहावर होते. तिसऱ्या दिवशी सूनबाई फळी आवरत असताना त्यांना कवळीची वाटी कोरडी दिसली. त्यांनी अंथरूण झाडले, न्हाणीघर पाहिले, गोठ्यापर्यंत जाऊन आल्या. कवळी नाही. तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "फोटोत दिसली नाही म्हणून काय झालं? मामांची कवळी घरात कुठंच नाही, मग ती गेली कुठं?" या एका प्रश्नाने काम केले. आप्पांना पुण्याला नेले. तेथे भूल देऊन दुर्बिणीतून पाहिले, तर कवळी अन्ननलिकेच्या वरच्या भागात आडवी बसलेली. डॉक्टरांनी ती सुखरूप काढली. आणखी उशीर झाला असता तर अन्ननलिकेला भोक पडले असते, असे त्यांनी मुलाला सांगितले.

आम्हाला हे कळले ते तोडीच्या पाळीमुळे. मुलगा गट ऑफिसात आला आणि म्हणाला, "साहेब, आमची तोड चार दिवस पुढं ढकला. आप्पांना पुण्याला नेलंय." पुढची सगळी हकीकत त्याने सांगितली. पहिल्या दवाखान्याला आम्ही दोष देत नाही. जे सांगितले गेले त्यावर त्यांनी इलाज केला. दोष असलाच तर तो एका गैरसमजाचा आहे, आणि तो गैरसमज आम्हालाही होता: एक्स-रेत सगळे दिसते.

गव्हाणीतला चुंबक

आपल्या कारखान्यात ऊस गव्हाणीत पडतो, तुकडे होऊन पुढे मिलकडे जातो. वाटेत मोठा चुंबक बसवलेला असतो. मोळीबरोबर आलेला कोयता, ट्रॉलीची पिन, साखळीचा तुकडा, नटबोल्ट हे सर्व तो उचलून घेतो, म्हणून मिलचे रोलर वाचतात. पण त्याच मोळीत दगड आला तर? चुंबकाला त्याचा पत्ता लागत नाही. चुंबकाखालून माल शांतपणे गेला याचा अर्थ मालात लोखंड नाही एवढाच. दगड नाही असा अर्थ कोणी मिलवाला घेत नाही.

एक्स-रेचे असेच आहे. त्याला काही वस्तू दिसतात, काही दिसत नाहीत. नाणे, टाचणी, खिळा, शर्टाचे लोखंडी बटण पोटात गेले तर फोटोत लख्ख दिसते. शेंगदाणा, सीताफळाची बी, लाकडाची ढलपी, प्लास्टिक हे बहुधा दिसत नाही. लहान मुलाच्या श्वासनलिकेत शेंगदाणा गेला आणि फोटोत काही दिसले नाही, तरी जाणते डॉक्टर पोराला घरी पाठवत नाहीत, हे काही सभासदांनी अनुभवले असेल. कवळीचे प्लास्टिक याच दुसऱ्या गटातले.

फोटो म्हणजे सावली

जर्मनीतील वुर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटजेन या शास्त्रज्ञाला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण सापडले. ते काय आहेत हे कळेना, म्हणून त्याने त्यांना 'क्ष' म्हटले. त्याच डिसेंबरात त्याने आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो काढला. त्यात हाडे दिसली, बोटातली अंगठी दिसली, मांस मात्र फिकट छायेसारखे आले. आजही एक्स-रे म्हणजे मुळात सावलीच आहे. किरण अंगातून पार जातात. ज्या ठिकाणी ते अडतात तेथे फोटोत पांढरे उमटते.

किरण कशाने अडतात? वस्तू कोणत्या मूलद्रव्यांची आहे, यावर ते फार अवलंबून असते. प्रत्येक मूलद्रव्याला एक अणुक्रमांक आहे. हायड्रोजनचा १, कार्बनचा ६, ऑक्सिजनचा ८. आपले मांस, चरबी आणि रक्तातले पाणी मुख्यत: यांचेच. हाडातल्या कॅल्शियमचा क्रमांक २०, म्हणून हाड दिसते. आपण उसाला फेरस सल्फेट आणि झिंक सल्फेट देतो. त्यातल्या लोहाचा २६ आणि जस्ताचा ३०. झिर्कोनियमचा ४०, बेरियमचा ५६. ठोकळ हिशेब असा की, क्रमांक दुप्पट झाला तर किरणांची अडवणूक दुप्पट होत नाही, ती जवळजवळ आठपट होते. म्हणून थोडेसे बेरियमही फोटोत ठळक उमटते.

आता कवळीकडे या. १९३७ च्या सुमारापासून दातांच्या कामात अ‍ॅक्रिलिक नावाचे प्लास्टिक आले. त्याआधी कवळ्या कडक केलेल्या रबराच्या असत. अ‍ॅक्रिलिक हलके, हिरडीच्या रंगाचे होणारे, स्वस्त आणि दुरुस्त करायला सोपे, त्यामुळे ते जगभर रुजले. आज आपल्या भागातल्या बहुतेक कवळ्या आणि पुष्कळशा तात्पुरत्या टोप्या याच प्लास्टिकच्या असतात. पण हे प्लास्टिक कशाचे? कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. म्हणजे मांस ज्याचे तेही त्याचेच. मांसात मांसासारखीच वस्तू पडली तर सावली वेगळी कशी पडणार? पाटाच्या गढूळ पाण्यात पडलेली काचेची बाटली वरून जशी दिसत नाही, तसा हा प्रकार.

कोणती वस्तू दिसते, कोणती नाही

दातातल्या सगळ्याच वस्तू अदृश्य असतात असे मात्र नाही. सभासदांना आपापल्या तोंडातल्या वस्तूचा अंदाज यावा म्हणून थोडक्यात सांगतो.

चांदीचे सिमेंट, सोन्याची किंवा धातूची टोपी, धातूवर चिनी मातीचा मुलामा दिलेली टोपी, झिर्कोनियाची टोपी या फोटोत स्पष्ट दिसतात. कवळीला पोलादी तारेचा आकडा असेल तर तार दिसते, पण तिच्याभोवतीचे प्लास्टिक दिसत नाही. फोटोत नुसता एखादा वाकडा तारेचा तुकडा दिसतो आणि वस्तू केवढी मोठी आहे याचा अंदाज चुकतो.

पोकळ दातात काही दिवसांसाठी जे पांढरे मऊ सिमेंट भरतात, त्याला लवंगेचा वास येतो. ते झिंक ऑक्साइड आणि लवंगेच्या तेलातला युजेनॉल यांचे मिश्रण असते. जस्त असल्यामुळे ते फोटोत चांगले दिसते. रूट कॅनाल करताना दाताच्या मुळात जी गुलाबी-केशरी कांडी घालतात, तिच्यातही झिंक ऑक्साइडचा भाग मोठा असतो आणि बेरियमचा क्षारही घालतात, म्हणून ती मुळाच्या टोकापर्यंत पोहोचली की नाही हे डॉक्टर फोटोत पाहू शकतात. दाताच्या रंगाचे जे पक्के सिमेंट आज भरतात, त्यात बेरियम किंवा स्ट्राँशियम असलेल्या काचेची बारीक पूड असते. भरलेल्या सिमेंटखाली पुन्हा कीड लागली तर ती ओळखता यावी, हा त्यामागचा हेतू.

तेव्हा दिसत नाही ती मुख्यत: अ‍ॅक्रिलिकची कवळी आणि अ‍ॅक्रिलिकची तात्पुरती टोपी. तात्पुरत्या टोपीची नव्या प्रकारची काही साहित्ये आली आहेत. त्यात काचेची पूड असली तर थोडीफार सावली पडते, पण सगळ्यांत सारखी पडत नाही. म्हणजे जी वस्तू तोंडात सर्वांत कच्ची बसवलेली, सुटण्याची भीती जिची सर्वांत जास्त, नेमकी तीच फोटोत दिसत नाही. सगळा घोळ येथे आहे.

मग दिसणारी पूड का घालत नाहीत?

हा प्रश्न आम्हीही विचारला. घरगुती गॅसला स्वत:चा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. औषध लावलेल्या बियाण्याला मुद्दाम रंग देतात, म्हणजे ते चुकून कोणी दळायला नेऊ नये. मग कवळीच्या प्लास्टिकमध्येच सावली पाडणारी पूड का नको?

कल्पना नवी नाही आणि अशक्यही नाही. खुब्याचा सांधा बदलताना हाड आणि सांधा जोडायला जे सिमेंट वापरतात, ते कवळीच्याच जातीचे अ‍ॅक्रिलिक असते. इंग्लंडमधील सर्जन जॉन चार्नले यांनी १९६० च्या सुमारास त्याचा वापर रूढ केला. आज त्या सिमेंटमध्ये वजनाने साधारण दहा टक्के बेरियम सल्फेट किंवा त्याच प्रमाणाच्या आसपास झिर्कोनियाची पूड मिसळलेली असते, म्हणून सिमेंट नीट बसले की नाही हे पुढे कितीही वर्षांनी एक्स-रेत पाहता येते. शस्त्रक्रियेत वापरायच्या गॉजच्या पट्टीतही सावली पाडणारा धागा विणतात, म्हणजे चुकून पोटात पट्टी राहिली तरी फोटोत सापडावी.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. बेरियम म्हटल्यावर काहींना उंदराचे औषध आठवेल. ते बेरियम कार्बोनेट, आणि ते विषच आहे. बेरियम सल्फेट वेगळे. ते पाण्यात किंवा पोटातल्या आम्लात विरघळत नाही, म्हणून अंगात भिनत नाही. पोटाचा फोटो काढण्यापूर्वी पांढरे दाट पाणी पाजतात ते हेच. पण म्हणून घरी कोणी असले प्रयोग करू नयेत.

कवळीत अडचण येते ती प्रमाणाची. खुब्यातले सिमेंट जाड असते, त्यामुळे थोडी पूड पुरते. कवळी दोन-तीन मिलिमीटर जाडीची. तिच्यात थोडी पूड घातली तर सावली पुसट पडते, बरगड्या आणि मणक्यांच्या सावलीत ती हरवते. जास्त घातली तर प्लास्टिक ठिसूळ होते. खत थोडे घातले तर पिकाला पुरत नाही आणि भरमसाट घातले तर पीक लोळते, तसे हे. कवळी तुटली तर तुकडा गिळला जाण्याची भीती उलट वाढते. शिवाय गुलाबी किंवा दातासारखा रंग बिघडून खडूसारखा पांढरट येतो, आणि असे दात तोंडात कोणाला आवडणार? कवळीत तार किंवा धातूची जाळी बसवण्याचाही उपाय करून पाहिला गेला. पण त्याने कवळी त्या जागी कमजोर होऊ शकते आणि तुटून तार नसलेला तुकडा गेला तर तो दिसत नाहीच.

म्हणून शास्त्रज्ञ मंडळी पुडीवर वेगवेगळे संस्कार करून, ती प्लास्टिकला घट्ट धरील अशी करून, बेरियमऐवजी झिर्कोनिया किंवा बेरियमची काच वापरून मधला मार्ग शोधत आहेत. मोजायचे मापही ठरलेले आहे. दातांच्या सिमेंटसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे (क्रमांक ४०४९), त्यानुसार 'एक्स-रेत दिसणारे' असा दावा करणाऱ्या साहित्याची सावली तेवढ्याच जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमइतकी तरी पडली पाहिजे. त्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची पायऱ्या-पायऱ्यांची पट्टी शेजारी ठेवून फोटो काढतात आणि सावल्या ताडून पाहतात. एक मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम म्हणजे साधारण एक मिलिमीटर दाताच्या आतल्या भागाइतकी सावली, असा हिशेब आहे. तात्पुरत्या टोपीच्या आणि कवळीच्या साहित्यालाही हेच माप लावावे, अशी मागणी आपण ग्राहक म्हणून करायला काय हरकत आहे? बेणे घेताना आपण जात विचारतो, प्रमाणपत्र विचारतो. तोंडात बसवायच्या वस्तूबद्दल मात्र एक अक्षर विचारत नाही.

दिसणारी असूनही हुकली

केवळ साहित्य सुधारून सगळे होणार नाही, हेही सांगितले पाहिजे. ब्रिटनमधील एक प्रकरण २०१९ मध्ये तेथील वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ७२ वर्षांच्या एका गृहस्थांच्या पोटाच्या कातडीखालील गाठ काढण्याची साधी शस्त्रक्रिया झाली. भूल देण्याआधी कवळी काढायची राहिली. सहा दिवसांनी ते घशात दुखते, गिळवत नाही, खोकल्यातून रक्त येते म्हणून पुन्हा दवाखान्यात गेले. जंतुसंसर्ग समजून औषध दिले. दोन दिवसांनी त्रास वाढल्यावर घशात पाहिले, तेव्हा स्वरयंत्रापाशी कवळी अडकलेली सापडली. ती धातूच्या पत्र्याची, तीन दातांची कवळी होती. म्हणजे फोटोत दिसणारी. त्या गृहस्थांना वाटत होते की, कवळी दवाखान्यातच हरवली. पुढे रक्तस्राव होऊन त्यांना पुन:पुन्हा दवाखान्यात दाखल व्हावे लागले, रक्त द्यावे लागले.

यातून घ्यायचे ते एवढेच. कवळी कुठे आहे हा प्रश्न कोणीतरी वेळेवर विचारला पाहिजे. आप्पांच्या घरी तो सूनबाईंनी विचारला.

आपल्या भागातल्या सवयी

बारामती-इंदापूर पट्ट्यात आम्ही वर्षभर शिवार फिरतो. माणसे कशी वागतात ते दिसते. त्यावरून चार गोष्टी मोकळेपणाने लिहितो.

पहिली, 'तात्पुरते' या शब्दाची आपण किंमत ठेवत नाही. डॉक्टर टोपी काही आठवड्यांसाठी बसवतात. आपण ती लागणीपासून तोडणीपर्यंत वापरतो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो, तसे त्या टोपीने उभे राहावे अशी आपली अपेक्षा! ती टोपी मुद्दाम कच्च्या सिमेंटने बसवलेली असते, कारण ती पुन्हा काढायची असते. दिवस उलटले की सिमेंट विरघळते आणि टोपी सुटते.

दुसरी, ऊस. बांधावर उभे राहून दाताने ऊस सोलण्याची सवय आपल्या हाडीमाशी खिळली आहे. तोंडात तात्पुरती टोपी किंवा सुटी कवळी असेल तर हे बंद. ऊस खायचाच तर विळ्याने सोलून, बारीक गंडेऱ्या करून, दुसऱ्या बाजूने. आणि रस काढून पिण्यात काही कमीपणा नाही. हुरडा, भाजलेल्या शेंगा, कडक भाकरीचा पापुद्रा यांचेही तेच.

तिसरी, मिश्री आणि तंबाखू. दात लवकर हलतात, हिरड्या खचतात, आणि ऐन पन्नाशीत कवळीची वेळ येते. आमच्या भगिनी यात मागे नाहीत, हे नमूद करताना वाईट वाटते.

चौथी, बाजारात बसून दात बसवून देणारे. तार आणि प्लास्टिक यांनी शेजारच्या दातांना कायमचे डकवून देतात. स्वस्त पडते, पण त्याखाली अन्न कुजते, चांगले दातही हलतात आणि एके दिवशी सगळे मिळून सुटते. कशाचे बनवले आहे हे विचारायला तो माणूस पुढच्या बाजारी सापडेलच असे नाही.

ज्येष्ठांमध्ये कवळ्यांचे प्रमाण पुढे वाढतच जाणार. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्या जोडीला कृत्रिम दंतपंक्तीचाही समावेश आहे. चांगली गोष्ट आहे. म्हाताऱ्या माणसाला दोन घास नीट चावता येणे यासारखे सुख नाही. कवळी वापरू नका असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती नीट सांभाळा, एवढेच म्हणतो.

सभासदांनी काय करावे

१. रात्री झोपताना कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवावी. वाटी ठरलेल्या जागी असावी. सकाळी घरातल्या कोणीतरी वाटीकडे एक नजर टाकावी.

२. कवळी ढिली झाली, तडा गेला किंवा तारेचा आकडा तुटला तर वापर थांबवून डॉक्टरांकडे जावे. घरी फेव्हिक्विकने चिकटवू नये. तुटलेला प्रत्येक तुकडा जपून ठेवावा. एक कमी भरला तर तो कोठे गेला हे शोधावे.

३. टोपी किंवा कवळी बसवताना डॉक्टरांना सरळ विचारावे, "हे एक्स-रेत दिसतं का? न दिसणारं असेल तर दिसणारं मिळतं का?" उत्तर कागदावर लिहून घ्यावे. तो कागद सात-बाराच्या पिशवीत ठेवला तरी चालेल, पण ठेवावा.

४. तात्पुरत्या टोपीची मुदत विचारून कॅलेंडरवर खूण करावी. तोड आली म्हणून ती चुकवू नये. गटातल्या चिटबॉयला सांगितले तर एका दिवसासाठी कोणाची पाळी बुडत नाही, याची आम्ही हमी देतो.

५. कोणत्याही शस्त्रक्रियेआधी, भूल देण्याआधी, कवळी आहे हे आपण होऊन सांगावे, काढून घरच्या माणसाच्या हातात द्यावी आणि शुद्धीवर आल्यावर मोजून परत घ्यावी.

६. अचानक ठसका, गिळताना दुखणे, लाळ गळणे, आवाज बसणे, थुंकीत रक्त, छातीत शिट्टीसारखा आवाज, किंवा काही दिवसांनी येणारा ताप आणि खोकला, यांपैकी काही झाले आणि कवळी किंवा टोपी जागेवर नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पहिले वाक्य हेच बोलावे: "दात सापडत नाही, आणि तो प्लास्टिकचा आहे." तशीच दुसरी कवळी किंवा उरलेला तुकडा असेल तर बरोबर न्यावा. फोटो स्वच्छ आला तरी "दुर्बिणीतून पाहायचं का?" असे विचारावे. सीटी स्कॅनमध्ये प्लास्टिक दिसण्याची शक्यता साध्या फोटोपेक्षा जास्त असते. काय करायचे ते डॉक्टर ठरवतील.

७. केळे, भाताचा गोळा किंवा कोरड्या भाकरीचा घास गिळून वस्तू खाली ढकलण्याचा घरगुती उपाय करू नये. उलटी काढू नये. घशात बोटे घालून चाचपू नये. कवळीची कड आणि तार अन्ननलिकेला फाडू शकते.

८. माणसाला श्वासच घेता येत नसेल, बोलता येत नसेल, तर पुढे वाकवून पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोराचे ठोके द्यावे. तरी न निघाल्यास मागून मिठी मारून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके द्यावे. हेच आलटून पालटून करत राहावे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी पुण्याची वाट धरायला हवी असे नाही. मात्र निघण्यापूर्वी फोन करून कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि दुर्बिणीची सोय त्या वेळी उपलब्ध आहे का, एवढे विचारून घ्यावे म्हणजे हेलपाटा वाचतो.

शेवटी

लाल कूज लागलेला ऊस वरून कित्येकदा हिरवागार दिसतो. कांडी चिरल्याशिवाय आतला लाल रंग आणि आंबूस वास कळत नाही. म्हणून आम्ही प्लॉटवर आलो की तुमच्या डोळ्यांदेखत कांडी चिरतो. वरवर बरे दिसते म्हणून 'बेणे चांगले' असा शेरा मारून निघून जात नाही. दुखण्याच्या बाबतीतही हाच शिरस्ता ठेवावा.

दिसणारी टोपी, दिसणारी कवळी सर्रास मिळू लागेल तो दिवस लवकर येवो. आपण विचारू लागलो तर डॉक्टर विचारतील, डॉक्टरांनी विचारले तर बनवणाऱ्या कंपन्यांना उत्तर द्यावे लागेल. तोपर्यंत फोटोला जे दिसत नाही ते घरच्या माणसांनी पाहायचे आहे.

आप्पा आता बरे आहेत. पक्की कवळी बसवून घेतली आहे. परवा आम्ही त्यांच्या खोडव्याची पाहणी करायला गेलो, तर वस्तीवर फळीवर स्टीलची वाटी दिसली, वर झाकण, आणि झाकणावर सूनबाईंनी तेलरंगाने लिहिलेले 'आप्पा'. आम्ही हसलो तसे आप्पा म्हणाले, "हसू नका साहेब, रोज रात्री हजेरी घेत्यात माझी."

अशी हजेरी प्रत्येक घरी घेतली जावी, ही सर्व सभासदांना आमची विनंती आहे.



— ऊस विकास अधिकारी